स्टीलहेडसाठी रॉड-रील घेताय? आधी नदी ठरवा, मग दुकानात जा

सिएटलच्या बाजूला राहायला आलेला आपला माणूस आधी डोंगर चढतो, मग कयाक घेतो, आणि मग एखाद्या डिसेंबरात ऑफिसमधल्या कुणाच्या तरी फोनवर हातभर लांबीचा चंदेरी मासा बघतो आणि मला मेसेज टाकतो की रॉड कुठला घेऊ. मी उलट विचारतो, कुठल्या नदीवर आणि कुठल्या महिन्यात? त्यावर बहुतेक वेळा "ते बघू नंतर, आधी रॉड सांग" असं उत्तर येतं. तर हे एकदा सविस्तर लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन.

आधी माशाबद्दल थोडं, कारण सामान त्याच्या स्वभावावरून ठरतं. स्टीलहेड म्हणजे जातीने रेनबो ट्राउटच. फरक इतकाच की हा नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन दोन-तीन वर्षं खाऊन दांडगा होतो आणि अंडी घालायला परत आपल्या नदीत येतो. पॅसिफिक सॅमन अंडी घातली की मरतात, स्टीलहेड मरेलच असं नाही, काही परत समुद्रात जातात आणि पुढे पुन्हा येतात. वजन साधारण 6 ते 12 पौंड, 15 चा लागला तर मोठाच म्हणायचा, 20 चा लागला तर आयुष्यभर सांगत फिरायचं. गळाला लागला की पहिलं काम म्हणजे धारेबरोबर खाली सरळ पळत सुटतो, चाळीस-पन्नास यार्ड लाइन बघता बघता जाते, मध्येच पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो, आणि मग काय मनात येतं कुणास ठाऊक, वळून थेट तुमच्याच दिशेने येतो, लाइन एकदम ढिली पडते आणि आपल्याला वाटतं सुटला. या तिन्ही वेळी सामान टिकलं पाहिजे. पळताना पातळ लीडर (हूकला बांधलेला लाइनचा शेवटचा तुकडा) तुटू न देणं हे ड्रॅगचं, म्हणजे रीलमधल्या ब्रेकचं काम, उडी मारताना झटका पचवणं हे रॉडच्या वाकण्याचं काम आणि उलटा आला की ढील भराभर गोळा करणं हे रीलच्या गिअरचं काम. तळ्यातल्या ट्राउटसाठी घेतलेला सहा-साडेसहा फुटी रॉड यासाठी का चालत नाही ते एवढ्यावरून कळेल.

पहिली पायरी: नदी आणि महिना

स्टीलहेडचे दोन मोसम. हिवाळी मासा साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत नदीत शिरतो, उन्हाळी मे ते ऑक्टोबर. हिवाळ्यात पाणी थंड, जोरात आणि पावसानंतर गढूळ, मासा तळाशी सुस्त बसलेला, त्याच्या नाकासमोरून आमिष हळू न्यावं लागतं. उन्हाळ्यात पाणी कमी आणि काचेसारखं स्वच्छ, मासा चपळ, पण दोरी दिसली की तोंड फिरवतो.

सिएटलहून जवळच्या म्हणजे स्कायकोमिश, स्नोक्वाल्मी, जरा वर स्कॅजिट. दक्षिणेला काउलिट्झ आणि कलामा. ऑलिंपिक द्वीपकल्पावर होह, सोल डक, बोगाशील, जिथे नुसतं उभं राहायलासुद्धा जावं अशा नद्या. यात एक मेख आहे, प्युजेट साउंडमधले (सिएटलला लागून असलेल्या समुद्राच्या खाडीतले) स्टीलहेड 2007 पासून केंद्राच्या कायद्याखाली धोक्यातल्या यादीत आहेत, त्यामुळे घराजवळच्या बऱ्याच नद्या हिवाळ्याच्या मध्यातच बंद होतात, काही वर्षी तर उघडतच नाहीत. म्हणून रॉड घ्यायच्या आधी राज्याच्या मासेमारी खात्याच्या साइटवर त्या नदीचा नियम वाचा. आणीबाणीचे बदलसुद्धा तिथेच येतात, आणि ते मोसम चालू असतानासुद्धा होतात.

आता नदीवरून लांबी. स्नोक्वाल्मीला मिळणाऱ्या टोकुल क्रीकसारख्या अरुंद, झाडीत शिरलेल्या पाण्यावर 8 फूट 6 इंच पुरे, त्याहून लांब घेतला तर प्रत्येक कास्टला फांदीशी भांडण. काउलिट्झ किंवा स्कॅजिटसारख्या रुंद नदीवर 10 ते 10 फूट 6 इंचाचा रॉड घेतलेला माणूस मजेत असतो. मधल्या सगळ्यासाठी 9 फूट 6 इंच. क्लीव्हलंड, डेट्रॉइटकडची मंडळी हे वाचत असतील तर तुमचं गणित वेगळं आहे, तुमच्याकडचा स्टीलहेड मुळात पश्चिम किनाऱ्यावरून एकोणिसाव्या शतकात आणून सोडलेला, तो समुद्राऐवजी ग्रेट लेक्स या प्रचंड तळ्यांत जाऊन येतो. तिथे पाणी लहान आणि पारदर्शक, लीडर 4 ते 8 पौंडांचा वापरावा लागतो आणि म्हणून रॉड लांब आणि मऊ लागतो, 10 पासून 13 फुटांपर्यंत.

दुसरी पायरी: मारणार कशाने

पद्धती ढीगभर आहेत पण सुरुवात करणाऱ्याने दोनच धराव्यात. एक फ्लोट, म्हणजे तरंगणाऱ्या बॉबरखाली जिग (पिसं बांधलेला वजनदार हूक) किंवा बीड (माशाच्या अंड्यासारखा मणी) सोडून धारेबरोबर वाहू द्यायचं. दुसरी स्पून किंवा स्पिनर (धातूचं चमकणारं नकली आमिष) आडवा टाकून धारेत झुलवत आणायचा. दोन्ही एकाच रॉडवर होतात, हा मुख्य फायदा. तिसरी ड्रिफ्ट फिशिंग, शिशाचं वजन तळाला टकटक लावत न्यायचं, ही इथल्या जुन्या लोकांची आवडती, पण दगडाची टकटक कुठली आणि माशाची कुठली हे बोटांना कळेपर्यंत निम्मं सामान नदीला दान होतं. बोटीतून प्लग (नकली मासा) ओढणं वगैरे गाइडच्या बोटीत बसाल तेव्हा त्याचाच रॉड असतो, त्यासाठी आत्ता खर्च नको.

मोठ्या नदीवर फ्लोटला लांब रॉड का लागतो हे एकदा काठावर उभं राहून बघितलं की पटतं. तुमच्या पायापासून फ्लोटपर्यंतची लाइन पाण्यावर पडली की मधली धार तिला पोटासारखी खाली ओढते, मग ती लाइन फ्लोटला ओढते, आणि खालचं जिग नैसर्गिक वाहायचं सोडून घसटत जातं, असलं आमिष स्टीलहेड घेत नाही. रॉड जितका लांब तितकी जास्त लाइन हवेत उचलून धरता येते आणि पडलेला फुगवटा उचलून वरच्या बाजूला टाकता येतो, याला इथे मेंड करणं म्हणतात. आणखी एक खूण सांगतो, पाण्यावर तरंगणारे बुडबुडे बघा. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात वाहतं, मासा तळाजवळ असतो, त्यामुळे फ्लोट बुडबुड्यांपेक्षा किंचित हळू चालला तर जिग बरोबर चाललंय. फ्लोट बुडबुड्यांच्या पुढे पळत असेल तर लाइन त्याला ओढतेय.

तिसरी पायरी: रॉडवरची बारीक अक्षरं वाचा

हँडलच्या वर ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या काठीवर, सगळं लिहिलेलं असतं, पण दुकानात कुणी वाचत नाही, सगळे हातात धरून हवेत झटकून बघतात आणि "मस्त आहे" म्हणतात. हवेत झटकून काही कळत नाही. चार गोष्टी वाचायच्या.

लांबी तर झालीच. काही कंपन्या ती इंचात लिहितात, जी लूमिसच्या स्टीलहेड रॉडवर 1141 असा आकडा दिसला तर पहिले तीन आकडे म्हणजे 114 इंच, म्हणजेच 9 फूट 6 इंच.

दुसरं लाइन रेटिंग. 8-12 पौंड हे शोधा. 6-10 उन्हाळ्याच्या स्वच्छ पाण्याला छान, 10-15 किंवा 10-20 लिहिलेला रॉड चिनूक सॅमनसाठी असतो, तो स्टीलहेडला जड पडतो, त्यावर 8 पौंडाचा लीडर पहिल्याच झटक्याला तुटेल कारण रॉड पुरेसा वाकतच नाही. पुष्कळ लोक "एकच घेतो, सॅमनलाही होईल" म्हणून जड रॉड घेतात. माझं मत विचाराल तर उलट करा, 8-12 वर कोहो सॅमन आरामात येतो, चिनूकसाठी पुढे वेगळा घ्या.

तिसरं लूर रेटिंग, औंसात. 3/8 ते 3/4 हे आपल्या कामाचं. हे का बघायचं तर साधा हिशोब आहे, 1/2 औंस पेलणाऱ्या फ्लोटखाली 3/8 चं वजन आणि 1/8 चं जिग लावलं की तेच 1/2 औंस भरतं, वर फ्लोटचं स्वतःचं थोडं, म्हणजे आपण रेंजच्या बरोबर मधे. 2/5 औंसाचा स्पूनही यात बसतो. रेटिंगच्या बाहेर गेलात तर हलकं वजन लांब जात नाही आणि जड वजनाने टोक कुरकुरतं.

चौथं पॉवर आणि अ‍ॅक्शन, ज्यात सगळे गोंधळतात. पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो, अ‍ॅक्शन म्हणजे वाकतो कुठे. फास्ट असेल तर वरचं टोक वाकतं आणि खाली काठी ताठ, मॉडरेट असेल तर अर्ध्यापर्यंत वाकतो. फ्लोट लांब गेल्यावर हूक बसवायला ताठपणा हवा पण पातळ लीडर आणि माशाचं मऊ तोंड सांभाळायला टोक नरम हवं, म्हणून मीडियम पॉवर आणि मॉडरेट-फास्ट किंवा फास्ट. एक्स्ट्रा-फास्ट नको, तो बास माशासाठी ठेवा.

याशिवाय हँडल लांब असावं, रील सीटच्या मागचा भाग कोपराखाली किंवा पोटाला टेकवता आला पाहिजे, दिवसभर फ्लोट टाकताना मनगटाचा जीव वाचतो. दोन तुकड्यांचा घ्या, गाडीत बसतो. आणि तुकडे जोडताना थोडं फिरवून घट्ट बसवा, दर तासाने जोड चाचपा, कास्ट करताना सैल झालेला जोड तिथेच तडकतो.

दुकानात तपासायची रीत अशी: रील लावून बघा, लाइन गाइडमधून, म्हणजे रॉडवरच्या कड्यांमधून, ओवून घ्या, आणि बरोबर आलेल्या माणसाला लाइनचं टोक धरून काही पावलं लांब उभं राहून हळूहळू ओढायला सांगा. आता रॉड उचला आणि बाजूने कमान बघा. कमान टोकापासून सुरू होऊन गुळगुळीत खाली उतरली पाहिजे, कुठे कोपरा दिसला किंवा लाइन ब्लँकला घासली तर तो ठेवून द्या. हे करताना रॉड उभ्या रेषेच्या मागे नेऊ नका, टोकावर सगळा भार येऊन तुटतो. खरं तर मासे फारसे रॉड तोडतच नाहीत, गाडीचा दरवाजा आणि घरातला सीलिंग फॅन तोडतो.

चौथी पायरी: रील

स्पिनिंग (रॉडखाली लटकणारा, स्पूल म्हणजे लाइनची चकरी स्थिर असलेला) की बेटकास्टर (रॉडवर बसणारा, फिरत्या स्पूलचा), हा वाद कधीच संपत नाही. इथली जुनी खोडं बेटकास्टर वापरतात आणि त्यांचं बरोबर आहे, अंगठ्याने स्पूल मोकळा सोडला की फ्लोट धारेबरोबर कितीही लांब जाऊ देता येतो आणि मासा लागला की अंगठा टेकवला की झालं. पण बेटकास्टर 1/8 औंसाचं हलकं जिग नीट फेकत नाही, आणि जानेवारीत बोटं गारठलेली असताना लाइनचा गुंता म्हणजे गाडीत जाऊन बसायची वेळ. नवीन माणसाने स्पिनिंग घ्यावा, चर्चा नको. कोकणात खाडीवर गरवून आलेले असाल, दोरी हातातच धरायची सवय असेल, तर बेटकास्टर तुम्हाला लवकर जमेल, पण तरी पहिला नाही.

साइझ बघताना आकड्यावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनीचा 3000 वेगळा. शिमानोत सी3000 म्हणजे 2500 च्या अंगावर मोठा स्पूल, तो चालून जातो पण मी 4000 घेईन. दाइवाच्या एलटी मालिकेत आकडे पूर्वीपेक्षा एक घर सरकलेत, जुन्या हिशोबाने घेतलात तर रील हातात आल्यावर लहान वाटेल. म्हणून आकड्याऐवजी दोन गोष्टी बघा: 30 पौंडाची ब्रेड (विणलेली लाइन) निदान 150 यार्ड मावली पाहिजे, आणि वजन साधारण 250 ते 310 ग्रॅम असावं. साडेनऊ फुटी रॉडवर फार हलका रील लावला तर टोक खाली झुकतं. रील लावल्यावर रॉड एका बोटावर तोलून बघा, तोल रीलच्या थोडा पुढे, फोरग्रिपवर आला की चांगलं.

गिअर रेशो 6:1 च्या आसपास. हँडलच्या एका फेरीत 30 इंचांहून जास्त लाइन आत यावी, बॉक्सवर लिहिलेलं असतं. मासा तुमच्याकडे पळत आला की याची किंमत कळते.

आता ड्रॅग, आणि पैसे इथेच टाकायचे. बॉक्सवर 20-25 पौंड मॅक्स ड्रॅग असं मोठ्या अक्षरात लिहितात, त्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही, आपण तीन-चार पौंडांच्या वर जात नाही. आपल्याला बघायचंय तो सुरू कसा होतो. अडकलेलं ड्रॉवर ओढताना जसं आधी हलतच नाही आणि मग एकदम हिसका देऊन उघडतं, तसा स्वस्त रीलचा ड्रॅग वागतो, आणि त्या पहिल्या हिसक्यात लीडर जातो. दुकानात ड्रॅग मध्यम घट्ट करा, लाइन हाताने आधी अगदी हळू, मग जोरात ओढा. सुरू होताना अडखळला, किंवा ओढताना थरथरला, तर कितीही देखणा असला तरी नको. पुढून फिरवायचा ड्रॅग घ्या, मागे नॉब असलेला टाळा. शिमानो नास्की, दाइवा फ्युएगो या पातळीचे रील सुमारे शंभर डॉलरमध्ये मिळतात आणि त्यांचा ड्रॅग या कामाला पुरून उरतो. तीनशेचा रील जास्त गुळगुळीत असतो, हो असतो, पण माशाला ते कळत नाही.

पाचवी पायरी: लाइन, आणि तुटायचंच तर कुठे तुटावं

तत्त्व एकच. माशापासून तुमच्याकडे येताना प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा मजबूत हवा, म्हणजे हूक दगडात अडकला आणि तोडावंच लागलं तर फक्त लीडर जातो, फ्लोट आणि बाकी लाइन परत येते. नदीत यार्ड-यार्ड ब्रेड सोडून येणं वाईट, पक्ष्यांच्या पायात अडकते.

स्पूलवर 30 पौंडाची ब्रेड, पिवळी किंवा भगवी, लांबून दिसली पाहिजे. जाडीला ती साधारण 8 पौंडाच्या नायलॉनएवढीच असते, आणि पाण्यावर तरंगते, फ्लोटला तेच हवं. 20 पौंडाची पण चालते, पण जास्त बारीक असल्याने स्पूलमध्ये रुतते आणि गुंता सोडवताना नखं जातात. ब्रेड थेट स्पूलवर बांधू नका, गाठीसकट सगळी ब्रेड स्पूलभोवती गोल घसरते, ड्रॅग किती पण घट्ट करा लाइन सुटतच राहणार. आधी दहा-पंधरा यार्ड साधी नायलॉन गुंडाळा आणि तिला डबल युनी गाठीने ब्रेड जोडा. भरताना ताण ठेवून भरा, स्पूलच्या काठापासून साधारण 2 मिलिमीटर आत थांबा. कमी भरलं तर कास्ट लांब जात नाही, जास्त भरलं तर वेटोळी एकदम सुटतात.

ब्रेडच्या पुढे चार-पाच फूट 15 पौंडाची नायलॉन, याला बंपर म्हणतात, ही थोडी ताणली जाते म्हणून झटका खाते आणि दगडावर ब्रेडसारखी चटकन कापली जात नाही. तिच्यापुढे लीडर, फ्लुरोकार्बन, स्वच्छ पाण्यात 8 पौंड, हिरवट पाण्यात 10, गढूळ आणि जोरात असेल तर 12. गाठ घट्ट करायच्या आधी ओली करा, कोरडी ओढली तर लाइन गरम होऊन तिथेच कमकुवत होते. आणि कडाक्याच्या थंडीत ब्रेड पाणी धरून ठेवते, गाइडमध्ये बर्फाचे मणी तयार होतात, रॉडचं टोक अधूनमधून पाण्यात बुडवून ते काढायचे, बोटाने तोडायला गेलात तर गाइडची आतली रिंग निघते.

सहावी पायरी: घरी बसून ड्रॅग लावणं

भारतात जाताना 23 किलोची बॅग मोजायला घेतलेला लगेज स्केल सगळ्यांकडे असतो, तो काढा. रील लावून लाइन सगळ्या गाइडमधून ओवा, लाइनचं टोक स्केलच्या हुकाला बांधा आणि घरातल्या कुणाला तरी स्केल धरायला सांगा. रॉड साधारण 45 अंशात उचलून ठेवा आणि समोरच्याला सावकाश मागे जायला सांगा. लाइन सुटायला लागते तेव्हाचा आकडा बघायचा. लीडरच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा तो हवा. 10 पौंडाचा लीडर म्हणजे साडेचार किलो, त्यामुळे स्केलवर 1.1 ते 1.5 किलोच्या मधे. पहिल्यांदा हा आकडा बघून सगळ्यांना वाटतं इतका ढिला? हो, इतकाच. गाठीमुळे लीडर मुळातच थोडा कमजोर झालेला असतो, वर वाकलेल्या रॉडचं घर्षण, वर पाण्यात ओढल्या जाणाऱ्या लाइनचा भार. मासा पळत असताना ड्रॅग घट्ट करायचा मोह होतो, तो आवरा, जास्त जोर हवाच असेल तर तळहात स्पूलच्या कडेला अलगद टेकवा, उडी मारली की लगेच काढून घेता येतो.

स्केल धरायला लहान मुलाला उभं केलं तर तो जोरात ओढतो आणि हसतो, त्याचाही उपयोग आहे, झटक्याला ड्रॅग कसा वागतो ते कळतं.

सातवी पायरी: फ्लोट बांधून बघा

हे घरी एकदा करून जा, नदीवर पावसात शिकायला जाऊ नका. लाइनवर आधी बॉबर स्टॉप सरकवा, हा छोटा धाग्याचा किंवा रबराचा असतो, मग एक छोटा मणी, मग 1/2 औंसाचा सरकता फ्लोट, मग आणखी एक मणी, आणि बंपरच्या टोकाला 3/8 औंसाचं दोन्हीकडे स्विव्हल (फिरती कडी) असलेलं वजन. त्याखाली दीड-दोन फूट लीडर आणि 1/8 औंसाचं मॅराबू पिसांचं जिग, गुलाबी किंवा काळं-गुलाबी, सुरुवातीला रंगाचा फार विचार नको. स्टॉप वर-खाली सरकवला की खोली बदलते. सरकता फ्लोट घ्यायचं कारण हेच, आठ-नऊ फूट खोल पाण्यासाठीसुद्धा कास्ट करताना फ्लोट खाली वजनापर्यंत येतो, टाकायला अडचण होत नाही.

खोली अशी लावा की जिग तळापासून साधारण फूटभर वर राहील. पाणी पाच फूट असेल तर चारपासून सुरू करा. फ्लोट सारखा तळाला अडखळत असेल तर स्टॉप थोडा खाली घ्या, दहा-पंधरा कास्टमध्ये एकदाही अडखळला नाही तर थोडा वर न्या. फ्लोट पाण्यात सरळ उभा असावा, प्रवाहाच्या वरच्या बाजूला कलला असेल तर तुम्ही लाइनने अडवताय. जागा शोधायची तर माणूस काठाने रमतगमत चालतो त्या वेगाचं, तीन ते आठ फूट खोल, हिरवट पाणी. फ्लोट बुडाला की विचार करत बसू नका, आधी ढील गोळा करून मग रॉड आडवा खेचा, बऱ्याच वेळा दगडच असतो, पण दगड समजून सोडलेला मासा रात्री झोपू देत नाही.

अडकलं तर रॉडने उपटू नका. टोक सरळ अडकलेल्या जागेकडे करा, लाइन एखाद्या काठीला गुंडाळा आणि मागे चाला. ब्रेड नुसत्या हाताला गुंडाळली तर बोट कापतं.

सेंटरपिन आणि फ्लाय, थोडक्यात

सेंटरपिन म्हणजे गिअर नाही, ड्रॅग नाही, नुसता बेअरिंगवर मोकळा फिरणारा मोठा चाक-रील, मासा पळाला की तळहाताने ब्रेक लावायचा. फ्लोट त्याच्याइतका सुंदर दुसरा कशावर वाहत नाही हे खरं आहे. ग्रेट लेक्सवाले त्याच्यावर जीव टाकतात. पण कास्ट शिकायलाच एक मोसम जातो.

फ्लायचं (पिसांच्या हलक्या नकली आमिषाने मासेमारीचं) वेड लागलं असेल तर दोन हातांचा स्पे रॉड, 12 फूट 6 इंच ते 13 फूट 6 इंच, 7 किंवा 8 वेट (लाइनच्या वजनाचा क्रमांक). आखूड जाड स्कॅजिट हेड (लाइनचा पुढचा जड भाग) आणि त्यापुढे बुडणारं टोक, ही पद्धत वॉशिंग्टनच्या स्कॅजिट नदीवरच वाढली, आणि सेज ही नावाजलेली फ्लायरॉड कंपनी इथल्याच बेनब्रिज बेटावरची. हा रॉड घ्यायच्या आधी रॉड, रील आणि लाइन यांचं वजन एकमेकांना जुळतंय का हे फ्लायच्या दुकानातल्या माणसाकडून तपासून घ्या, ऑनलाइन अंदाजाने मागवू नका, लाइनचं वजन ग्रेनमध्ये असतं आणि तिथे पन्नास ग्रेनचा फरक हातात लगेच कळतो. ओरेगनच्या डेशूट्सवर उन्हाळी मासा या पद्धतीने खूप लोक मारतात, तिथे बोटीत बसून गळ टाकायला बंदी आहे, बोट फक्त जायला-यायला.

नियम सामान ठरवतात

वॉशिंग्टनमध्ये 15 वर्षांपासून पुढे लायसन्स लागतं, स्टीलहेडसाठी पकडलेले मासे नोंदवायचं कॅच कार्डही लागतं, आणि वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असं मोजतात, त्यामुळे फेब्रुवारीत वार्षिक लायसन्स काढताना विचार करा. आई-बाबा आले असतील आणि "जरा धरून बघतो" म्हणाले तरी त्यांचं लायसन्स हवं, एक ते तीन दिवसांचं मिळतं.

हॅचरीत (माशांच्या पैदास केंद्रात) वाढवलेल्या माशाचा पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असतो आणि तिथे भरलेल्या जखमेची खूण असते, जिथे परवानगी असेल तिथे ठेवायचा तो हाच. पर शाबूत असेल तर तो जंगली, सोडायचा, आणि सोडायचा मासा पाण्याबाहेर पूर्ण उचलायलाही मनाई आहे, मांडीवर घेऊन फोटो वगैरे नाही. म्हणून खरेदीच्या यादीत रबराची, गाठी नसलेली जाळी आणि लांब पकड घाला. बऱ्याच नद्यांवर एकटोकी बार्बलेस हूकच चालतो, विकत आणलेल्या जिगचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, नंतर कापूस त्यावरून ओढून बघा, अडकला नाही तर झालं. स्पूनवर तीनटोकी हूक आला असेल तर काढून एकटोकी लावा. काही नद्यांवर आमिष म्हणजे अंडी, कोळंबी बंद असते, तिथे जिग आणि बीड चालतात का तेही वाचून घ्या.

पैसे कसे वाटायचे

समजा सगळ्याला मिळून चारशे डॉलर काढलेत. रॉडला 100-130, ओकुमाचे स्टीलहेड रॉड तर त्याहूनही खाली मिळतात आणि पहिला रॉड म्हणून चांगले आहेत. रीलला 100. लाइन, लीडर, फ्लोट, जिग यांना 60-70, जिग जास्त घ्या, जाणारच आहेत. उरलेले वेडर (पाण्यात उभं राहायची वॉटरप्रूफ विजार) आणि बुटांकडे. कुणाचे वेडर उसने मिळत असतील तर ते पैसे रीलमध्ये नका घालू, चांगल्या तळव्याच्या बुटांत आणि कमरेच्या पट्ट्यात घाला. पट्टा नसेल तर पडल्यावर वेडरमध्ये भसाभस पाणी शिरतं, आणि जानेवारीतली स्कायकोमिश चार-पाच अंशांची असते. जायच्या आधी यूएसजीएस या सरकारी संस्थेच्या साइटवर नदीचा प्रवाह बघा, रेघ वर चढत असेल तर घरी बसा, पावसानंतर उतरायला लागली की निघा, मासाही तेव्हाच हलतो.

दोनशेच डॉलर असतील तर 9 फूट 6 इंच, 8-12 चा साधा रॉड आणि ऐंशीच्या आसपासचा रील, बस. वापरलेलं घेत असाल तर रॉड बघून घ्या: कापूस गाइडच्या आतून फिरवा, धागा अडकला तर रिंग तडकलेली. ब्लँकवर नख फिरवा, कुठे खाच लागली तर नको. रील वापरलेला घ्यायचा असेल तर हँडल फिरवताना कानाजवळ धरा, आणि ड्रॅग वर सांगितला तसा ओढून बघा.

परत आल्यावर रील नळाखाली जोराच्या धारेत धरू नका, पाणी आत ढकललं जातं, नुसतं ओल्या फडक्याने पुसा. ड्रॅगचा नॉब पूर्ण ढिला करून ठेवा, घट्ट ठेवला तर वॉशर चपटे होऊन पुढच्या वेळी तोच हिसका येतो. रॉडचे तुकडे वेगळे करून ओल्या कव्हरमधून बाहेर काढा आणि उभे वाळवा, कॉर्कला बुरशी लागते. आणि शेवटचे दोन-तीन फूट ब्रेड दर वेळी कापून टाका, दगडावर घासून झालेला खडबडीतपणा दोन बोटांत धरला की लगेच कळतो.